गाडी तर तो नीटच चालवत होता

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात असं:

थोरला मुलगा सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने छोटा टेम्पो घेतला. पहाटे बेळगावच्या मार्केटमधून भाजी भरायची, चोर्ला घाट उतरून गोव्यात पोचवायची, संध्याकाळी रिकामे क्रेट घेऊन परत यायचं, हा धंदा. वडील उद्यमबागेत फौंड्रीत होते, आता पाठीच्या दुखण्याने घरी. टेम्पोचा हप्ता महिन्याला 14 हजार. गेल्या महिन्यात परतीच्या वाटेवर नाक्यावर गाडी तपासली, तेव्हा क्रेटांखाली गोव्याच्या दारूचे अकरा बॉक्स निघाले. मुलाला अटक झाली, चौथ्या दिवशी जामीन मिळाला, टेम्पो अजून जप्त आहे. आता आरटीओकडून कानडीत नोटीस आली आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली तुमच्या लायसनवर कारवाई का करू नये, हे पंधरा दिवसांत कळवा.

त्या लिहितात, "त्याने कुणाला उडवलं नाही, पिऊन गाडी चालवली नाही, कधी साधा दंडसुद्धा भरला नाही. गुन्हा दारूचा आहे, मग त्याची शिक्षा लायसनला का? असा न्याय जगात कुठे असतो का? सगळेच आणतात, हा सापडला एवढंच." कुणीतरी तोडगा सुचवला: आईचे भाऊ चंदगड तालुक्यात राहतात, त्यांच्या रेशनकार्डावर भाच्याचं नाव घालायचं आणि तिकडच्या पत्त्यावर महाराष्ट्राचं नवं लायसन काढायचं. भावाने साफ नकार दिला. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद आहे. "सख्खा मामा भाच्याच्या पोटावर पाय देतो, आता भाऊबीजेला त्याला कुठल्या तोंडाने ओवाळू?"

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोटिशीची काळजी वाटली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भावाची. नोटिशीचे दिवस मोजलेले आहेत म्हणून आधी ती घेते, पण भावाकडे वळणारच आहे.

गाडी तो नीटच चालवत असणार, यात मला शंका नाही. चोर्ल्याची वळणं पावसाळ्यात, धुक्यात, रोज उतरायची आणि चढायची, तेही दोन वर्षं एकही अपघात न करता, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण लायसन म्हणजे गाडी चांगली चालवल्याचं बक्षीस, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 19 वाचलंत तर त्यात धोकादायक ड्रायव्हिंगचं कारण आहेच, पण ते अनेकांतलं एक. दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरली, लायसन लबाडीने मिळवलं, माणूस सराईत गुन्हेगार किंवा अट्टल दारुडा आहे, यांतल्या कुठल्याही कारणावरून लायसन देणारा अधिकारी ते काही काळ थांबवू शकतो किंवा पूर्ण काढून घेऊ शकतो. शिवाय 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 21 व्या नियमाखाली एक लांबलचक यादी आहे. गाडीची चोरी, प्रवाशाला मारहाण, प्रवाशाचं सामान लांबवणं, माणूस पळवून नेणं, आणि त्याच ओळीत कायद्याने बंदी घातलेला माल वाहून नेणं. प्रवाशाशी उद्धटपणे बोलणंसुद्धा त्या यादीत आहे. (ते नियम मनावर घेतले तर आपल्या स्टँडबाहेरच्या किती रिक्षा उरतील, हा प्रश्न मी सोडून देते.)

म्हणजे तुमच्या मुलाच्या हातातलं स्टिअरिंग सरळ होतं की वाकडं, हे नोटीस विचारतच नाही. त्या गाडीतून काय चाललं होतं, एवढंच ती विचारते आहे.

"असा न्याय जगात कुठे असतो का?" असतो, ताई. कितीतरी ठिकाणी आपल्यापेक्षा कडक असतो. ब्रिटनमध्ये कोर्टाला वाटलं तर कुठल्याही गुन्ह्यासाठी गाडी चालवायला बंदी घालता येते, गाडीचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नसला तरी. जर्मनीने 2017 मध्ये कायदा बदलून कुठल्याही गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या बंदीची सोय केली. अमेरिकेत 1996 च्या कायद्यानंतर मुलांची पोटगी थकवणाऱ्या बापाचं लायसन अडवण्याची व्यवस्था राज्यांना करावी लागली. त्यावर तिकडे उठलेला आक्षेप मात्र तुमच्या कामाचा आहे. ज्याची कमाई गाडीवर आहे त्याची गाडी थांबवली, तर तो पोटगी भरणार कशातून? पैसे वसूल करायला निघालेला कायदा पैसे यायची वाटच बंद करतो.

आपला कायदा त्या मानाने बराचसा गाडीशी बांधलेला आहे. गुन्ह्यात गाडी असावी लागते. सराईत गुन्हेगार आणि दारुडा हे शब्द मात्र फार सैल आहेत, ते कुणालाही चिकटवता येतील, आणि ते मला पटत नाहीत. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत गाडीचा संबंध नाही असं म्हणायला तोंड नाही. दारू डोक्यावरून आली नव्हती. ती टेम्पोतून आली, क्रेटांखाली लपवून, आणि टेम्पो तो चालवत होता. तेव्हा "लायसनचा काय संबंध" हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात घालू नका. तो टिकणार नाही, आणि साहेबांचं मन उगाच कडू होईल.

टिकेल असा मुद्दा शिक्षेच्या मापाचा आहे. आठवड्याच्या सुट्टीला गोव्याला जाऊन गाडीच्या डिकीत तेच बॉक्स भरून आणणारा एखादा पगारदार माणूस सापडला आणि त्याचं लायसन सहा महिने गेलं, तर तो बसने ऑफिसला जाईल. तुमच्या मुलाचं सहा महिने गेलं तर घरात चूल पेटायची पंचाईत. कागदावर शिक्षा एकच दिसते. हे अधिकाऱ्यापुढे मांडायची जागा कायद्याने ठेवली आहे, कारण कारवाईआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं आणि निर्णयाची कारणं लेखी द्यावी लागतात. तुमच्या हातातली नोटीस म्हणजे ते ऐकून घेण्याची सुरुवात. लायसन अजून गेलेलं नाही. नाक्यावर कार्ड काढून घेतलं असेल तर तेवढ्याने ते रद्दही झालेलं नाही. फक्त ते कुणी, कुठल्या पावतीवर घेतलं हे बघा. पंचनाम्याची प्रत मिळवा. नसेल मिळाली तर वकिलामार्फत मागा.

आता उत्तर. नोटीस कानडीत आहे म्हणून ती कपाटात सरकवू नका. आपल्याकडे हे फार होतं. सरकारी पाकीट आलं, वाचता येत नाही, लाज वाटते किंवा राग येतो, आणि मग कुणी कानडी वाचणारा भेटेपर्यंत मुदत निघून जाते. राज्यघटनेचं 350 वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. तो हक्क आहे, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या मुलाच्या नोटिशीवर तो लढा लढू नका. मराठीत मनातलं सगळं लिहून काढा आणि वकिलाकडून ते कानडीत किंवा इंग्रजीत करून द्या. साहेबाला जे झटकन वाचता येतं, तेच तो नीट वाचतो. दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर पोच घ्या.

काय लिहायचं याबद्दल एक सावधगिरी. दारूचा खटला कोर्टात वेगळा चालणार आहे. आरटीओला दिलेलं उत्तर हा सहीचा कागद आहे, तो उद्या तिकडेही निघू शकतो. म्हणून "माझी चूक झाली, माफ करा" असं भावनेच्या भरात लिहून मोकळं होऊ नका. आणि "मला बॉक्सचं काही माहीतच नव्हतं" असं खोटंही लिहू नका, ते तर त्याहून महागात पडतं. खटला चालू आहे, अजून दोष सिद्ध झालेला नाही, आधीचा एकही गुन्हा किंवा अपघात नाही, घर याच कमाईवर आहे, वडील आजारी आहेत, हप्ता चालू आहे. एवढंच, पण प्रत्येक गोष्टीचा कागद जोडून. वडिलांच्या डॉक्टरांचे कागद, कर्जाचं पासबुक, दोन वर्षांत दंड नसल्याची नोंद मिळाली तर तीही.

आणि एक मागणी जरूर लिहा, जी बहुतेक लोक करत नाहीत कारण ती करता येते हे त्यांना ठाऊक नसतं. अधिकारी लायसनवरच्या सगळ्या गाड्यांसाठी बंदी घालू शकतो, तशी फक्त काही प्रकारच्या गाड्यांपुरतीही घालू शकतो. तेव्हा आधी विनंती करा की बंदी घालू नये. घालायचीच असेल तर थोड्या मुदतीची असावी. आणि निदान दुचाकीचं लायसन चालू राहू द्यावं. खेड्यातून बेळगावला रोज कामाला यायचं तर दुचाकी हातात असणं आणि नसणं यात किती फरक आहे, ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवसांचं उत्तर देऊनही निर्णय विरुद्ध गेला, तर आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हे तीस दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

यात एक पुढची गोष्टही धरून ठेवा. आरटीओकडे सुटला तरी विषय संपत नाही. दारूच्या खटल्यात दोषी ठरला, तर ज्या गुन्ह्यात गाडी वापरली गेली त्यासाठी कोर्टही मोटार वाहन कायद्याखाली लायसनवर बंदी घालू शकतं. म्हणून दोन्हीकडे एकाच वकिलाला सगळं माहीत असलेलं बरं.

वकिलाचं निघालंच आहे म्हणून विचारते. जामिनाचा वकील कुणी दिला? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि मला ते फार खटकलं. अकरा बॉक्स म्हणजे, एका बॉक्समध्ये 750 मिलीच्या बारा बाटल्या धरल्या तर 132 बाटल्या. एवढी दारू सव्वीस वर्षांचा हप्त्याखाली दबलेला पोरगा स्वतःच्या पैशाने घेत नाही. कुणाची तरी ती होती. कुणीतरी गोव्यात भरून दिली आणि कुणीतरी इकडे उतरवून घेणार होता. तो माणूस आज कुठे आहे? त्यानेच वकील पाठवला असेल, त्यानेच जामीनदार उभा केला असेल, आणि "काळजी करू नको, आम्ही बघतो" म्हणाला असेल, तर तो वकील बदला. तो वकील वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला पैसे देणाऱ्याचं हित यात आहे की तुमच्या मुलाने तोंड उघडू नये. तुमच्या मुलाचं हित कशात आहे, हे बघणारा दुसरा कुणीतरी हवा. पैसे नसतील तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. खानापूरच्या कोर्टात तालुका कायदा सेवा समितीकडे विचारा, किंवा 15100 या नंबरवर फोन करा, तो देशभर चालतो.

याच ओघात मुलाशीही बोला. रागाने नको, पण डोळ्यांत बघून. पहिलीच फेरी होती की विसावी? एका फेरीचे किती मिळायचे? "सगळेच आणतात" हे तुम्ही लिहिलंय, पण ते वाक्य तुमचं नाही, त्याचं आहे, आणि त्याला ते कुणीतरी शिकवलेलं आहे. त्यात खरेपणा नाही असंही नाही. गोव्यात दारूवरचा कर कमी, म्हणून बाटली स्वस्त, म्हणून घाटांतून ती चढते. बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि दारूबंदी होती, तेव्हाही हे घाट कोरडे नव्हते. 1956 मध्ये आपण म्हैसूर राज्यात आलो, 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, झेंडे बदलले, बाटलीची वाट तीच राहिली. आपल्या लग्नांत हळदीच्या रात्री फुटणाऱ्या बाटल्यांवरचं "फक्त गोव्यात विक्रीसाठी" हे कुणी वाचत नाही, वाचायला तेव्हा कुणी शुद्धीवरही नसतं. पण लपवलेली एक बाटली आणि क्रेटांखाली रचलेले अकरा बॉक्स यांत फरक आहे. एक चोरटा शौक, दुसरा धंदा. आणि त्या धंद्यात नफा बॉक्सवाल्याचा असतो, गाडी, लायसन आणि जामिनाचा कागद मात्र ड्रायव्हरचा. हे त्याच्या लक्षात आलंय का, एवढंच मला तुमच्याकडून जाणून घ्यायचं आहे.

टेम्पोचं प्रकरण लायसनपासून वेगळं ठेवा. जप्त गाडी सरकारजमा करायची का, याचा विचार अबकारी खात्याचा अधिकारी वेगळा करतो. तिथेही मालकाला म्हणणं मांडता येतं. ती नोटीस अजून आली नसेल तर येईल, तिचीही तारीख चुकवू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीला आजच कळवा. हप्ता चुकल्यावर सांगण्यापेक्षा चुकण्याआधी सांगितलेलं केव्हाही बरं, आणि गाडी सुटावी यात त्यांचंही हित आहे. गाडी सुटली आणि लायसन थांबलेलं असेल, तर भाजीच्या फेऱ्या पगारी ड्रायव्हर ठेवून चालवता येतील. मुलाने शेजारच्या सीटवर बसून माल उतरवावा, हिशेब सांभाळावा. नफा कमी पडेल, पण गिऱ्हाइकं तुटणार नाहीत. बंदी असताना "जवळच तर जायचंय" म्हणून त्याने चावी हातात घेता कामा नये. बंदी असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात अपघात झालाच, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला येते, आणि मालक तोच आहे.

आता चंदगड.

सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन घरं असतात, हे बाहेरच्याला समजत नाही. मुलगी तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली, शेत इकडे, विहीर तिकडे. दोन्हीकडचे कागद बाळगण्याची सवय आपल्याला या रेषेनेच लावली. कुणाचं रेशनकार्ड तिकडे, कुणाचं मत इकडे, कुणाचं दोन्हीकडे. तेव्हा तुमच्या डोक्यात हा तोडगा आला, यात मला नवल वाटत नाही. ज्याने तो सुचवला त्यालाही वाटलं असेल की आपण मदतच करतो आहोत.

पण तो तोडगा नाही, सापळा आहे. एका माणसाला एका वेळी एकच लायसन ठेवता येतं, हे मोटार वाहन कायद्याच्याच कलम 6 मध्ये आहे. म्हणजे आज, इकडचं लायसन जिवंत असताना तिकडचं काढलं, तर ते चुकीचं. आणि उद्या बंदीचा आदेश निघाल्यावर काढलं तरी चुकीचं, कारण बंदीच्या काळात देशात कुठलंच लायसन ठेवायचा किंवा मिळवायचा अधिकार राहत नाही. कर्नाटकची बंदी सीमेवरच्या शिनोळीच्या फाट्यावर थांबत नाही, ताई. लायसन जसं देशभर चालतं, तशी त्याची बंदीही देशभर चालते. आता तर 2019 च्या दुरुस्तीने लायसनांची एकच राष्ट्रीय नोंदवही ठेवायचं ठरवलं आहे. पूर्वीच्या काळी दोन राज्यांतले दोन कारकून एकमेकांना कधी भेटायचे नाहीत. आता संगणक भेटतात.

सगळ्यात वाईट म्हणजे असं लायसन सापडलं, तर लबाडीने मिळवलेलं लायसन हे कलम 19 खालचं आणखी एक कारण होतं. आज तुमचा मुलगा अधिकाऱ्यासमोर "दोन वर्षांत एकही डाग नाही" असं म्हणू शकतो. नंतर ते म्हणता येणार नाही. आणि मामाचं काय? खोट्या पत्त्यावर सही त्याची, रेशनकार्ड त्याचं. टेम्पोच्या केसमध्ये आज एकजण आहे, तेव्हा दोघं असतील, आणि दुसरा तुमचा भाऊ.

तुम्ही म्हणता, त्याने भाच्याच्या पोटावर पाय दिला. मला वेगळं दिसतं. बहिणीला नाही म्हणणं आपल्याकडे किती अवघड आहे, हे कुठल्याही भावाला विचारा. सही करून टाकणं त्याला सोपं होतं. सही करून पुढचं पुढे बघू, म्हणणारे मामा तुम्हाला गावोगाव मिळतील. याने नाही म्हटलं, बहिणीचा राग अंगावर घेतला, आणि गप्प राहिला. कदाचित त्याला कायदा ठाऊक नसेल, नुसती भीती वाटली असेल. तरी ती भीती योग्य जागी होती. आणि तुमचा राग खरा कुणावर आहे? बॉक्सवाल्यावर काढता येत नाही, कारण तो दिसत नाही. मुलावर काढवत नाही, कारण तो आधीच खचलेला आहे. नाक्यावरच्या शिपायावर काढायची सोय नाही. उरला भाऊ, तो हक्काचा आहे.

हे लिहिताना मला माझ्याच घरातली एक गोष्ट आठवली. माझ्या एका काकांनी पुतण्याच्या कर्जाला जामीन राहायला नकार दिला होता, आणि पुढची अकरा वर्षं आमच्या दोन घरांत हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. काका बरोबर होते हे सगळ्यांना तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. उरलेली आठ वर्षं आधी कोणी बोलायचं यातच गेली.

तेव्हा भाऊबीजेपर्यंत थांबू नका. फोन करा, आणि लायसनचा विषय न काढता त्याला विचारा की भाच्यासाठी तिकडे काही काम आहे का. चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत, तिथे माल चढवायला-उतरवायला, वजनं लिहायला माणसं लागतात, आणि त्यासाठी लायसन लागत नाही. मामाच्या घरी राहून चार महिने काम केलं, तर त्यात खोटं काही नाही. जामिनाच्या अटीत तालुका किंवा राज्य सोडू नये असं काही आहे का, ते मात्र आधी वकिलाकडून वाचून घ्या, आणि कोर्टाच्या तारखेला त्याने हजर राहायलाच हवं. एक फायदा असाही आहे की बॉक्सवाल्याच्या रोजच्या फोनपासून पोरगा थोडा लांब जाईल.

असंच प्रकरण ज्यांच्या घरी चालू आहे अशी आणखी तीन पत्रं माझ्यापाशी आहेत, एक निपाणीकडचं, दोन बेळगाव तालुक्यातली. एकात गुटख्याची पोती आहेत, एकात वाळू, एकात नुसती मारामारी, जिच्यात मोटारसायकल फक्त पळून जायला वापरली होती. त्यांनाही सांगते, नोटिशीत कलम 19 च्या कुठल्या कारणाखाली विचारलंय ते आधी शोधा. गाडी गुन्ह्यात वापरली असं म्हटलंय की सराईत गुन्हेगार म्हटलंय, यावर सगळं उत्तर बदलतं. सराईत म्हटलं असेल आणि तुमच्यावर हा पहिलाच गुन्हा असेल, तर तिथे जोरात भांडा. आणि आरटीओच्या दारात "मिटवून देतो" म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला एकच विचारा: पावती देणार का? मग तो आपोआप दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

ताई, नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट टाकून दिलं असेल तर आज घरात शोधा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि ते तुमच्या हातात पडल्याची तारीख, दोन्ही वहीत लिहून ठेवा. पंधरा दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे, हा प्रश्न वकील तुम्हाला सगळ्यात आधी विचारेल.